नवरात्रातली दाढी

पितृपक्षाचे पंधरा दिवस आमच्या बडोद्यातली सलूनं माशा मारत बसलेली असतात. सर्वपित्री अमावास्या आली की मात्र एकेका दुकानासमोर स्कूटरांची अशी दाटी होते, की फुटपाथवरून चालायची सोय राहत नाही. आत खुर्च्यांत मान मागे टाकून बसलेली पोरं, गळ्याला टॉवेल, आणि त्यांच्या गालांवर वस्तऱ्याने रेघा आखणारा कारागीर. बाहेर पाट्या: नवरात्री स्पेशल, दाढीचं सेटिंग, दाढीचा रंग, दाढीचं तेल. नऊ रात्री गरबा खेळायचा म्हणजे केडियाला, त्या घेरदार भरतकामाच्या अंगरख्याला, शोभेल अशी दाढी पाहिजेच, नाहीतर कुठली मुलगी ढुंकून बघणार! यंदा भाजी घेऊन येताना वाघोडिया रोडवरच्या अशाच एका दुकानासमोर मी थांबले आणि काचेतून आत बघत राहिले. आतल्या पोरांना वाटलं असेल, ही मास्तरीण दिसणारी बाई काय बघतेय एवढं. मी त्यांचे गाल बघत होते. दोन्ही गाल.

आमच्या मराठी घरांत सगळं नेमकं उलटं. ज्याच्या हातून घट बसतात त्याने नऊ दिवस दाढी करायची नाही, केस कापायचे नाहीत, गादीवर झोपायचं नाही. म्हणजे अख्खं गाव दाढी कोरून घेत असतं तेव्हा आमचा पुरुष ती रानासारखी वाढू देतो. गुजराती शेजाऱ्यांच्या हे काही केल्या लक्षात राहत नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या जागृतीबेन दर नवरात्रात ह्यांच्याकडे बघून मला हळूच विचारतात, "वसुबेन, भाईनी तबियत तो सारी छे ने?" दर वर्षी मी सांगते, अहो तब्येत उत्तम आहे, आमच्याकडे घट बसलेत. "हां हां, घट," म्हणून त्या मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी परत विचारतात. यंदा त्यांनी विचारलं नाही.

हे, म्हणजे माझे यजमान. आणि माझं लग्न दाढीवर झालंय, हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय, की आता ती गोष्ट माझ्या तोंडात बसली आहे. कोजागिरीचं दूध आटत असू दे, कुणाचं बारसं असू दे, कुणीतरी म्हणायचंच, "वसू, ती दाढीची गोष्ट सांग." मग मी पदर खोचून सुरू.

मी तेव्हा एम. एस्सी.ला होते. मांडवीकडच्या एका पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, मैत्रिणीकडे गरब्याला गेले होते. बडोद्याचं नवरात्र म्हणजे आधी नाकाला कळतं. धुपाचा वास, तुपाच्या दिव्याचा वास, अनवाणी पावलांनी उडवलेल्या धुळीचा, गजऱ्याचा आणि घामाचा. पाऊस गेलेला असतो, थंडीचं नाव नसतं, आणि मधला जो उकाडा असतो तो सगळा अंगाला चिकटतो. गल्लीत मधोमध पाटावर देवी, समोर दिवा, आणि भोवती आम्ही फिरतोय. त्या काळी मुलगे गुळगुळीत दाढी करून, गालांना पावडर लावून यायचे. ओठावर पेन्सिलीने काढावी तशी मिशी. सगळे कसे न्हाऊमाखू घातलेल्या बाळांसारखे. आणि त्यांच्यात एकच असा, की ज्याने आठवडाभर आरसा पाहिला नसावा. सरबताच्या पिंपाजवळ उभा. गालांवर, हनुवटीवर, मानेवर काळी दाट खुंटं, आणि वर शांत डोळे.

बाई गं, माझी टाळी चुकली ना तिथे! पुढच्या मुलीवर मी आपटले, मागची माझ्यावर आपटली.

काय असतं हो त्या केसांत? मी विज्ञान शिकवते. केसाचं मूळ, त्वचेचे थर, संप्रेरकं, सगळं फळ्यावर काढून दाखवते मुलांना. पण टाळी का चुकली हे त्यातल्या कुठल्याच आकृतीत बसत नाही. पुष्कळ विचार केल्यावर मला दोन गोष्टी कळल्यात. एक म्हणजे, दाढीमागे चेहरा झाकला जातो, आणि वीसबाविशीतल्या मुलीला झाकलेल्याचं भारी वेड असतं. दुसरी जरा जास्त खरी आहे. बाकीचे सगळे आम्ही बघावं म्हणून आले होते, त्यांच्या चेहऱ्यांवर ते लिहिलेलं होतं. ह्या एकट्याला आपण कसे दिसतो याची फिकीर नव्हती. ज्याला बघून घ्यायची हौस नाही त्याच्याकडेच मेलं बघावंसं वाटतं. दुकानातल्या पोरांनी दाढी कितीही कोरली तरी ती फिकीर नसलेली दाढी त्यांना यायची नाही, असं मला अजून वाटतं. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतंय!

तो गुजराती बोलत होता म्हणून मी त्याला गुजराती ठरवलं. दाढी वाढलेली म्हणून प्रेमभंग झालेला ठरवलं. बरं, माझ्या स्वतःच्या घरात घट बसलेले, माझे बाबा पांढरी खुंटं वाढवून आरती म्हणत होते, आणि "बाबा, टोचतं" म्हणून मी त्यांच्यापासून लांब पळत होते. तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. बाबांची दाढी ती घटाची, आणि ह्याची ती विरहाची! फिरता फिरता मी दिव्याजवळून गेले तेव्हा तो एक पाऊल पुढे आला आणि म्हणाला, "बेन, ओढणी संभाळजो, दिवो छे." माझ्या भावी नवऱ्याचा माझ्याशी बोललेला पहिला शब्द 'बेन'. गुजरातेत कंडक्टरपासून कलेक्टरपर्यंत सगळे बायकांना बेनच म्हणतात, त्यामुळे मनाला लावून घेतलं नाही. पण घरी जाऊन रडले. गुजराती, त्यात दुसरीसाठी झुरणारा. आमच्या घरी सांगायची काय बिशाद!

दसरा झाला आणि दोनतीन दिवसांत आईने फर्मान काढलं, मुलगा बघायला येतोय, आपल्यातला आहे, वाघोडियाला फॅक्टरीत चांगल्या नोकरीत आहे. मुलगा आला. पेढ्यासारखा चेहरा. दाढी नाही, मिशी नाही, गाल कसे चकचकीत. आईने स्वयंपाकघरात मला गाठून आधी मिशीचंच काढलं. "अगं, वडील तर शेजारी बसलेत धडधाकट, आणि ह्याने मिशी कशी काढली? काही विचारायला नको का?" मी पोह्यांवर खोबरं पेरत म्हटलं, "आई, नको मला. ह्याच्या चेहऱ्यावर काहीच नाही." आईने कपाळाला हात लावला. पाहुणे निघाले. दारात चपला घालताना त्याने जिन्यावरून कळशी घेऊन येणाऱ्या शेजारणीला वाट दिली आणि म्हणाला, "संभाळजो बेन, पाणी छे." तो आवाज! मी आतून जी धावले ती आईच्या पाठीवर आदळले. "आई, हो म्हण! हो म्हण!" आई म्हणाली, "आत्ता तर नाही म्हणालीस, तुझं डोकं फिरलंय का?"

विरह कसला, ह्यांच्याकडे घट थोरल्या मुलाच्या हातून बसायचे! इथे सगळे हसतात. हे पण हसायचे. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं म्हणून मी गोष्ट संपवायची आणि दुधाचे पेले भरायला उठायची.

गोष्टीत जे मी सांगायची नाही ते असं, की लग्नानंतर मला तो दाढीवाला माणूस वर्षातून फक्त नऊ दिवस मिळायचा. ह्यांचं काम फॅक्टरीत मेंटेनन्सचं. वायूच्या पाइपलाइनीजवळ जायचं तर तोंडाला मास्क, आणि मास्क गालाला घट्ट बसायला हवा. मधे केस आले की फट राहते आणि वायू आत शिरतो. म्हणून रोज सकाळी दाढी, तीही अशी की हात फिरवला तर काच वाटावी. मिशीही त्यातच गेलेली, एकदा वस्तरा फिरवायचाच तर सगळीकडे फिरवू, म्हणून. नवरात्रापुरतं साहेब ह्यांना स्टोअरमध्ये बसवायचे. आणि त्या नऊ दिवसांत हे चटईवर, मी पलंगावर. देवीची थट्टाच म्हणायची, दुसरं काय! पंगतीत वाढताना मी जरा जास्त वाकायची, आणि हे जरा जास्त वेळ "पुरे, पुरे" म्हणायचे नाहीत. एवढ्यावर आमचं नवरात्र जायचं. मला ते फार आवडायचं. वर्षभर ज्या माणसाचा डबा भरायचा, ज्याच्या मोज्यांवरून भांडायचं, तो नऊ दिवस परत परका व्हायचा, सरबताच्या पिंपाजवळचा.

आमची मधुरा आता नोकरीला लागली आहे आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चाललंय. मोबाइलवर येतात ते सगळे मुलगे दाढीवाले. इंजिनिअर असो, सीए असो, सगळ्यांची तीच दाढी, जणू एकाच साच्यातून काढलेली. ती म्हणते, "आई, दाढी म्हणजे पॅकिंग आहे. आतला माल बघायला मिळाला पाहिजे." मी म्हटलं, मग बिनदाढीचा बघ. तर लगेच, "ई, नको. क्लीन शेव म्हटलं की मला बँकेतले काका वाटतात." दोन्हीकडून बोलायचं, हल्लीची रीतच आहे. पण हे ती यंदाच्या श्रावणात म्हणाली तेव्हा हे शेजारीच पेपर वाचत होते. पेपर घडी करून आत गेले. मधुराने जीभ चावली. "आई, मी बाबांना नव्हतं गं म्हणत."

गेल्या दिवाळीनंतर ह्यांच्या उजव्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. तिखट सोसेना, मग तोंड उघडेना. फॅक्टरीत रात्रपाळीला मावा खायची सवय लागली होती, सुपारी, चुना, तंबाखू सगळं चोळून पुडीत बांधलेलं ते विष. मी किती बोलले, किती पुड्या फेकल्या. बाहेरचा वायू आत जाऊ नये म्हणून जन्मभर मास्क लावला, आणि खिशातून पुडी काढून स्वतःच्या हाताने आत घातलं. ह्याचा राग मला अजून येतो, भांडी घासता घासता येतो. ऑपरेशन झालं. मग शेक. इथे रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात, पाठ दुखतेय म्हणून गरम पिशवीने द्यावा तसा साधा शब्द. त्या शेकात उजव्या गालाची कातडी आधी लाल झाली, मग काळी पडली, सोलून निघाली, आणि खालून जी नवी आली तिच्यावर केस नव्हते. डॉक्टर म्हणाले, बहुतेक नाही येणार आता. आम्ही दोघं हसलो होतो तेव्हा. माणूस वाचला होता. केसांचं काय घेऊन बसायचं!

पण माणूस वाचला की मग बाकीचं सगळं परत लागायला लागतं. हे एवढं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

फॅक्टरीतून हे लवकर मोकळे झाले. मास्क नाही, नियम नाही. आता खुशाल दाढी ठेवता आली असती. तरी रोज सकाळी बेसिनपुढे उभे राहायचे. डाव्या गालावर दाट खुंटं, आता निम्मी पांढरी, आणि उजवीकडे नुसती चकाकी. एकदा मी टॉवेल द्यायला गेले तर दार उघडं होतं. ह्यांनी दोन्ही गालांना साबणाचा फेस लावला होता. डावा गाल केला. मग उजव्या गालावरूनही वस्तरा फिरवला, तितकाच सावकाश, जबडा वर करून, तोंड वाकडं करून, सगळं साग्रसंगीत. वस्तऱ्यावर नुसता फेस येत होता. मी टॉवेल दाराच्या कडीला अडकवला आणि स्वयंपाकघरात येऊन कारण नसताना डाळ निवडायला घेतली.

भाद्रपद संपत आला तसे हे म्हणाले, "यंदा घट पुण्याला शिरीषकडे बसू दे. धाकटा भाऊ असला तरी चालतं. मी बोलतो त्याच्याशी."

माझं डोकं सणकलं. "का म्हणून? सासूबाईंच्या मागे एक वर्ष खंड नाही पडलेला. ऑपरेशन झालं म्हणून देवी बाटली की काय?"

"नऊ दिवस दाढी वाढणार, वसू."

"मग वाढू दे! देवीला दोन्ही गाल लागतात असं कुठल्या पोथीत सांगितलंय?"

हे म्हणाले, "देवीचं नाही गं. तुझं बोलतोय मी."

हेच पुढे म्हणाले, "सगळ्या गावाला सांगत आलीस ना, दाढीवर भाळले म्हणून. आता कसं करायचं?" हसून म्हणाले. पण ह्यांचं हसू आता एका बाजूनेच येतं, त्यामुळे ते खरं हसू आहे की नाही, मला चटकन ओळखता येत नाही.

मी ओरडले. आवाज चढवला की मला बरं वाटतं, खोटं का बोलू. पोरकटपणा पुरे, म्हातारपण आलं, जावई यायची वेळ झाली आणि गालावरच्या केसांचं काय घेऊन बसलात, असं बरंच बोलले. घट इथेच बसले. मी जिंकले. जिंकल्यावर मात्र मला धडकी भरली. कारण ह्यांनी विचारलं होतं ते बरोबरच होतं, आणि त्याचं उत्तर मी दिलंच नव्हतं.

ते मलाच माहीत नव्हतं. कित्येक महिने मी ह्यांना नळीने भरवलं, जखम पुसली, रात्री कूस वळवून दिली. सगळं प्रेमाने केलं, त्यात शंका नाही. पण दया फार वाईट असते हो. बायकोच्या मनात एकदा ती शिरली की बायकोची आई होते, आणि मला ह्यांची आई व्हायचं नव्हतं. मला तीच टाळी चुकायला हवी होती, ह्या वयातही. नवरात्र आलं की दर वर्षी आपसूक व्हायचं ते यंदा झालंच नाही तर? सांगणार कुणाला? जागृतीबेनना? त्या म्हणतील, हवे आ उमरे शुं, जवा दो ने. ह्या वयात काय मेलं ते, सोडून द्या. सगळे तेच म्हणतील. बाईचं वय झालं की तिचे डोळे फक्त चष्म्यासाठी उरतात, अशी लोकांची समजूत आहे.

घट बसले. पत्रावळीतल्या मातीत गहू पेरले, वर कलश, शेजारी अखंड दिवा, रोज एक माळ. तिसऱ्या दिवशी गव्हाला पांढरे कोंब आले आणि ह्यांच्या डाव्या गालावर सावली धरली. पाचव्या दिवशी गहू हिरवा झाला तेव्हा डावीकडे चांगली दाढी दिसू लागली होती, आणि उजवीकडे ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत काळसर, ताणलेलं, उघडं. हनुवटीवर मधोमध जणू बांध घातलेला. आरतीला येणाऱ्या बायका दिव्याकडे बघत, घटाकडे बघत, माझ्या साडीचं कौतुक करत. ह्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. न बघण्याची सुद्धा एक तऱ्हा असते, ती लांबून कळते. हेच मग घटाकडे बोट दाखवून म्हणाले, "देवीचं शेत फुल्ल आलंय. आमच्याकडे यंदा निम्म्याच शेतात पीक." सगळे खदाखदा हसले, जरा जास्तच.

तेवढ्यात वातावरण मोकळं झालंय असं वाटून जागृतीबेन म्हणाल्या, "वसुबेन, पेली दाढीवाळी वात करो ने! आ नवी वहूए सांभळी नथी." ती दाढीची गोष्ट अजून न ऐकलेली त्यांची नवी सून बिचारी उत्सुकतेने माझ्याकडे बघू लागली. मधुराने माझा हात दाबला. ह्यांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "सांग ना. सांग." मी म्हटलं, "अगंबाई, गॅसवर दूध आहे," आणि आत गेले. गॅसवर काही नव्हतं. बाहेर खाली सोसायटीच्या गरब्याचा ढोल सुरू झाला होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि मी रिकाम्या ओट्याशी उभी. बाहेर हे त्या सुनेला सांगत होते, की गोष्ट काही मोठी नाही, एका मुलीची ओढणी दिव्यावर जात होती इतकंच.

मग मी ठरवलं की ह्यांच्याशी नेहमीसारखंच वागायचं. जेवायला बसलो की मी गप्पा मारत होते. टीव्हीपुढे ह्यांच्या शेजारी बसत होते. ह्यांची दाढी डावीकडून छान दिसत होती, आणि मी ते बोलून दाखवलं, "पांढरी आली तरी शोभतेय हो." हे "हं" म्हणाले. मला वाटलं, चला, निभावलं. बाई कधीकधी स्वतःलाच अशी काही शेंडी लावते, की ज्याचं नाव ते.

दसऱ्याला घट उठले. सकाळपासून फाफडा-जलेबीच्या दुकानांपुढे रांगा. मधुरा तास घालवून पुडकी घेऊन आली आणि मैत्रिणींकडे सोनं द्यायला गेली. दाराला झेंडूचं तोरण, टेबलावर आपट्याची पानं. ह्यांना आता तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, म्हणून फाफडा कढीत भिजवून, मऊ करून खावा लागतो. आम्ही बाल्कनीत बसलो होतो. कठड्यावर दाढीचं सामान काढून ठेवलं होतं, पाण्याची वाटी, ब्रश, वस्तरा. पाणी निवून गेलं तरी ह्यांनी ब्रशला हात लावला नव्हता.

"आता करून टाका ना," मी म्हटलं. "नऊ दिवस झाले."

"हो," हे म्हणाले. "नऊ दिवस तू माझ्या डावीकडे बसतेस."

"काहीतरीच काय! पंखा तिकडे आहे म्हणून..."

"पंखा डोक्यावर आहे, वसू."

मी आठवून बघितलं. जेवताना, टीव्हीपुढे, आरतीला, आत्ता, ह्या बाल्कनीतल्या खुर्चीवर सुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलं नव्हतं, आणि तरी प्रत्येक वेळी पाय आपोआप तिकडेच वळले होते. न बघणाऱ्या बायकांना मी मनातून नावं ठेवत होते, आणि घरातली न बघणारी मीच होते.

"रागावलो नाही गं," हे म्हणाले. "मीसुद्धा आरशासमोर असाच वळून उभा राहतो. फक्त मला वाटलं, तुला सांगावं." मग ह्यांनी खुर्चीला मान टेकली, डोळे मिटले आणि चेहरा उन्हात धरला.

माफी मागण्यासारखं सोपं नव्हतं ते. मी उठले आणि खुर्चीमागून जाऊन ह्यांच्या उजवीकडे भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गुडघ्यांवर बसले. तिथून बघितलं. इतके महिने ह्याच गालाला मलम लावलं होतं, पण तेव्हा मी जखम बघत होते. आता ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. कातडी पातळ, काळपट, ठिकठिकाणी चमकणारी. ओठाच्या कोपऱ्यातून निघून जबड्याखाली गेलेला शिवणीचा वळ. मिटलेल्या पापणीखाली एक शीर उडत होती. आणि जबड्याचं हाड. इतक्या वर्षांत ते मी कधी असं पाहिलं नव्हतं. कधी खुंटं असायची, नाहीतर फॅक्टरीची घाई. हा माणूस घाबरला होता. मी काय करते, याची वाट बघत तो गाल तसाच उन्हात धरून बसला होता, आणि त्याच्यावर लपायला केस नव्हते. माझ्या छातीत काहीतरी जोरात हललं. ती दया नव्हती. दया मला आता चांगली ओळखता येते.

मी तळहात त्या गालावर ठेवला. हलकेच, आधी बोटं, मग सगळा हात. गाल उन्हाने तापला होता.

हे तसेच बसून राहिले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला वाटलं, चुकलं माझं, उशीर झाला. खालून कुणाच्या तरी स्कूटरवरून जलेबीचा वास वर आला आणि निघून गेला. मी हात काढला नाही.

"तिकडे गेलीस का?" ह्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"हो."

"गप्प का मग?" जरा थांबून, अगदी हळू, "वसू, हात लावून तरी बघ ना. ऑपरेशनपासून त्या गालाला काही कळत नाही, त्यामुळे दुखेल म्हणून भिऊ नकोस."

"लावलाय," मी म्हटलं.

"कधीचा?"

"मघापासून."

मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि डाव्या बाजूचं दाढीत जिरलं. उजव्या बाजूचं माझ्या बोटांवर आलं.

"मग सांगायचंस ना," हे म्हणाले.